लाउरी रापाला

लाउरी रापाला (जन्म : २८ नोव्हेंबर १९०५, सिस्मा, फिनलंड, मृत्यू : २० ऑक्टोबर १९७४) हे फिनलंडमधील मासेमार आणि लाकडी आमिषांचे कारागीर होते. गळाने मासे धरताना वापरले जाणारे, छोट्या माशासारखे दिसणारे आणि तसेच पोहणारे कृत्रिम आमिष त्यांनी १९३६ मध्ये हाताने कोरून तयार केले. अशा आमिषाला मासेमारीच्या जगात लूर म्हणतात. पुढे हे आमिष रापाला याच नावाने जगभर पोहोचले. उत्तर अमेरिकेत बास, पाइक आणि वॉलआय या शिकारी माशांच्या मासेमारीत त्याने मोठे स्थान मिळवले. रापाला यांनी अभियांत्रिकीचे किंवा प्राणिशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. कुटुंबाच्या पोटासाठी सरोवरावर घालवलेली वर्षे आणि माशांच्या हालचालींचे सूक्ष्म निरीक्षण, एवढ्या भांडवलावर त्यांचे काम उभे राहिले.

प्रारंभिक जीवन

रापाला यांचा जन्म झाला तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हता. १८०९ पासून तो रशियन साम्राज्याच्या अधिपत्याखालील एक स्वायत्त प्रांत होता. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केले आणि लगेच १९१८ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. लाउरी त्या वेळी बारा वर्षांचे होते. ग्रामीण भागात तेव्हा दारिद्र्य होते. जमीन नसलेल्या कुटुंबांना शेतमजुरी, जंगलतोड आणि मासेमारी यांवर गुजराण करावी लागे. लाउरी अशाच कुटुंबात वाढले.

त्यांच्या आईचे नाव मारी सारिनेन. लाउरी सुमारे सात वर्षांचे असताना मारी मुलाला घेऊन सिस्मा सोडून शेजारच्या असिक्काला या गावी राहावयास आल्या. त्या काळी फिनलंडमध्ये गावकऱ्यांच्या जन्म, विवाह व स्थलांतराच्या नोंदी चर्चच्या दप्तरात ठेवल्या जात. कुटुंबात चालत आलेल्या हकिकतीनुसार, नोंद करताना धर्मगुरूंना त्यांचे सारिनेन हे आडनाव आठवले नाही. त्यामुळे ज्या वस्तीतून मायलेक आले होते त्या वस्तीचे रापाला हे नाव आडनाव म्हणून लिहिले गेले. फिनिश भाषेत ‘रापा’ या शब्दाचा अर्थ चिखल असा होतो. दप्तरातील त्या नोंदीतून मिळालेले हे नाव पुढे कोट्यवधी पेट्यांवर छापले गेले.

तरुणपणी लाउरी यांनी मिळेल ते काम केले. हिवाळ्यात जंगलात झाडे तोडणे, उन्हाळ्यात शेतावर मजुरी आणि बर्फ वितळले की सरोवरावर मासेमारी, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. १९२८ मध्ये त्यांचा विवाह एल्मा लेप्पानेन यांच्याशी झाला. संसार वाढत गेला तशी नियमित उत्पन्नाची गरजही वाढली. १९३० च्या दशकात जागतिक मंदीची झळ फिनलंडच्या लाकूड व्यापारालाही बसली होती. जंगलातील मजुरीचा भरवसा राहिला नव्हता. अशा वेळी सरोवर हाच कुटुंबाचा मुख्य आधार ठरला.

पाइयान्ने सरोवर

रापाला यांचे सारे आयुष्य पाइयान्ने या सरोवराच्या दक्षिण भागात गेले. हे फिनलंडमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर असून त्याची लांबी सुमारे १२० किलोमीटर आहे. सुमारे ९५ मीटर खोली असलेले हे सरोवर देशातील सर्वांत खोल समजले जाते. त्याचे पाणी दक्षिणेकडे कालकिनेन येथील प्रवाहातून क्युमियोकी नदीला मिळते आणि अखेर फिनलंडच्या आखातात जाते. सरोवरात पाइक, पर्च, ट्राउट हे शिकारी मासे आणि त्यांचे भक्ष्य असलेल्या लहान माशांचे थवे विपुल आहेत. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठतो. त्यामुळे होडीने मासेमारी करण्यास वर्षातील काही महिनेच मिळतात.

सरोवराकाठच्या रीहिलाहती या ठिकाणी राहून लाउरी मासेमारी करीत. होडीला इंजिन नसे. एकट्याने वल्ही मारीत, मागे दोरी सोडून ते मैलोन्‌मैल जात. एका दिवसात तीस मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर, वल्हवल्याचे उल्लेख त्यांच्या चरित्रात येतात. याशिवाय शेकडो गळ बांधलेली लांब दोरी पाण्यात सोडण्याचीही पद्धत होती. या पद्धतीत प्रत्येक गळाला जिवंत किंवा मेलेला छोटा मासा आमिष म्हणून अडकवावा लागे. हे छोटे मासे आधी पकडायचे, ते टिकवायचे आणि मोठ्या माशाने ओढून नेले की पुन्हा नवे लावायचे, यातच दिवसाचा बराच वेळ जाई. ज्या वेळात आमिष बदलले जाई, त्या वेळात मासा मिळत नसे. मासा मिळाला नाही तर विक्रीही नाही. झिजणार नाही आणि पुनःपुन्हा लावावे लागणार नाही, असे आमिष मिळाले तर हा वेळ वाचेल, हा विचार या अडचणीतून पुढे आला. एका मासेमार मित्रानेही त्यांना कृत्रिम आमिष वापरून पाहण्यास प्रोत्साहन दिले.

निरीक्षण

स्वच्छ पाण्यात होडीतून खाली पाहताना लाउरी यांना एक गोष्ट वारंवार दिसे. छोट्या माशांचा थवा एका लयीत, एका दिशेने पोहत असतो. शिकारी मासा त्या थव्यावर झेपावतो, पण तो समोर येईल त्याला पकडत नाही. थव्यात एखादा मासा जखमी किंवा अशक्त असेल तर तो सरळ पोहू शकत नाही. तो किंचित एका अंगाला कलतो, डगमगतो आणि पुन्हा सावरतो. शिकारी मासा नेमका त्यालाच उचलतो.

या वर्तनाचे कारण सोपे आहे. निरोगी माशाचा पाठलाग करण्यात शक्ती खर्च होते आणि तो निसटण्याची शक्यता अधिक असते. दुबळा मासा कमी श्रमात हाती लागतो. त्यामुळे चालीतील किरकोळ दोष हा शिकाऱ्याला सहज मिळणाऱ्या घासाचा संकेत ठरतो. राजहंस थव्यात कोणाचे रूप सुंदर हे पाहील, पण भुकेला शिकारी मासा चालीतील व्यंग पाहतो. आमिष माशासारखे दिसणे पुरेसे नसून ते दुखावलेल्या माशासारखे चालले पाहिजे, हा रापाला यांच्या साऱ्या कामाचा पाया होय. त्यांच्या आधीच्या अनेक कारागिरांनी रंग आणि आकार यांवर भर दिला होता. रापाला यांनी चालीला पहिले स्थान दिले.

पहिले आमिष

अनेक प्रयत्न फसल्यानंतर १९३६ मध्ये लाउरी यांच्या मनासारखे आमिष तयार झाले. ते बुचाच्या लाकडातून कोरलेले होते. कोरण्यासाठी त्यांनी चांभारकामातील रापी वापरली आणि अंग पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केले. माशाच्या खवल्यांची चमक आणण्यासाठी चॉकलेटवरचा चंदेरी कागद अंगावर चिकटवला. पाणी आत शिरू नये म्हणून वर पारदर्शक लेप हवा होता, पण बाजारातले रोगण परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. आमिषाची पाठ काळी, कडा सोनेरी आणि पोट पांढरे होते. छोट्या माशाची पाठ वरून गडद आणि पोट खालून फिकट दिसते. ही निसर्गातील रंगसंगती त्यांनी जशीच्या तशी घेतली.

आमिष तयार झाले की ते सरोवरात ओढून पाहायचे, चाल पटली नाही तर पुन्हा कोरायचे, असा क्रम दीर्घकाळ चालला. अखेर मिळालेला परिणाम त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. एकेका दिवशी सहाशे पौंड, म्हणजे सुमारे २७० किलो, मासे मिळाल्याचे कुटुंबाच्या व कंपनीच्या आठवणींत नमूद आहे. शेजारच्या मासेमारांनी हे पाहिले आणि त्यांच्याकडे आमिषांची मागणी सुरू झाली. स्वतःच्या होडीसाठी बनवलेली वस्तू अशा रीतीने विक्रीची वस्तू बनली.

रचना व कार्यपद्धती

रापाला यांच्या मूळ आमिषाचे अंग सडपातळ असून दोन्ही टोकांना निमुळते होत जाते. नाकाखाली पुढे झुकलेली एक छोटी पट्टी असते, तिला आमिषाचा ओठ म्हणतात. आधी हा ओठ धातूचा असे. पुढे तो पारदर्शक प्लॅस्टिकचा झाला. दोरी ओढली की पाण्याचा दाब या तिरप्या ओठावर पडतो आणि आमिष खाली बुडी मारते. त्याच वेळी ओठाच्या दोन्ही कडांवरून पाण्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात. त्यामुळे आमिष डावीकडे व उजवीकडे झुकत, शेपूट हलवत पुढे सरकते. ओढणे थांबले की हलके लाकूड आमिषाला पुन्हा वर आणते. बुडणे, डगमगणे आणि वर येणे या तिन्ही हालचाली मिळून दुखावलेल्या माशाचा आभास होतो.

ही चाल साधण्यासाठी लाकूड अतिशय हलके असावे लागते. रापाला यांनी आरंभी बूच व पाइन वृक्षाची साल वापरली आणि पुढे बाल्सा या लाकडाचा स्वीकार केला. बाल्सा हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील वृक्ष असून त्याच्या लाकडाची घनता पाण्याच्या सुमारे एक-षष्ठांश असते. सातपुड्यात आढळणारी काटेसावर आणि बाल्सा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील वृक्ष आहेत. सावरीचे लाकूडही मऊ व हलके असते, परंतु बाल्सा त्याहून हलका आहे.

हलके लाकूड ठिसूळ असते आणि मोठ्या माशाच्या झटक्याने ते तुटू शकते. यावर उपाय म्हणून आमिषाच्या अंगातून नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार नेलेली असते. दोरी बांधण्याची कडी आणि गळ अडकवण्याच्या कड्या याच तारेचे भाग असतात. त्यामुळे माशाची सारी ओढ तारेवर येते आणि लाकडावर ताण पडत नाही. अंगाला पोटाकडून खाच पाडून तार बसवणे, खाच बुजवणे, घासणे, चंदेरी पन्नी लावणे, रंगवणे, रोगणाचे एकावर एक हात देणे आणि शेवटी ओठ बसवणे, असा कामाचा क्रम असतो. प्रत्येक हातानंतर लेप वाळू द्यावा लागतो. त्यामुळे एक आमिष पूर्ण होण्यास बराच अवधी लागतो.

नाकावरची कडी केसभर जरी वाकडी असली तरी आमिष एका बाजूला पळते. अशा वेळी चिमट्याने कडी हळूच विरुद्ध दिशेला वाकवून चाल सरळ केली जाते. दोरी बांधण्याच्या गाठीलाही महत्त्व आहे. गाठ कडीवर घट्ट आवळली तर आमिषाचे डोलणे अडखळते. म्हणून सैल फासा राखणारी गाठ वापरली जाते. अशा एका गाठीला मासेमारांमध्ये रापाला गाठ हेच नाव रूढ झाले आहे.

युद्धकाळ

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. हिवाळी युद्ध म्हणून ओळखले जाणारे हे युद्ध मार्च १९४० मध्ये संपले, परंतु १९४१ ते १९४४ या काळात दोन्ही देशांमध्ये पुन्हा युद्ध झाले. फिनलंडमधील धडधाकट पुरुषांना मोठ्या संख्येने आघाडीवर जावे लागले. लाउरी हेही सैन्यात होते. या काळात आमिषांचे काम मंदावले. युद्धानंतर फिनलंडला सोव्हिएत संघास मोठी युद्धखंडणी द्यावी लागली. अन्नाची टंचाई असलेल्या त्या वर्षांत सरोवरातील मासा हा अनेक घरांचा आधार होता आणि चांगल्या आमिषाची किंमत मासेमारांना पुरेपूर ठाऊक होती.

कौटुंबिक व्यवसाय

युद्धानंतर राजधानीतील व आसपासच्या शहरांतील दुकानांतून आमिषांची मागणी येऊ लागली. लाउरी यांनी मुलांना हे काम शिकवले. एल्मा आणि मुले यांच्या हातांनी घर हाच कारखाना बनला. रेइयो, रिस्टो आणि एन्सिओ हे मुलगे पुढे व्यवसायात उतरले. कोरण्याचे व घासण्याचे काम जलद व्हावे म्हणून कुटुंबातच यंत्रे तयार करण्यात आली. आमिषाचे अंग यंत्रावर आकार घेऊ लागले तरी शेवटचा हात आणि पाण्यातील परीक्षा माणसाकडेच राहिली.

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. त्या निमित्ताने आलेल्या परदेशी पाहुण्यांबरोबर रापाला आमिषे देशाबाहेर गेली. त्याच दशकात स्वीडन व नॉर्वे या शेजारी देशांत त्यांची विक्री सुरू झाली.

अमेरिका आणि बास

लाकडी आमिषांची परंपरा अमेरिकेत रापाला यांच्या आधीपासून होती. मिशिगन राज्यातील डोवॅजिॲक या गावी जेम्स हेडन या मधमाशीपालकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बास माशासाठी लाकडी बेडूक कोरले. त्यातून पुढे हेडन कुटुंबाचा आमिषांचा कारखाना उभा राहिला. तेथील बहुतेक लाकडी आमिषे जाड, वजनदार आणि भडक रंगांची असत. वजन जास्त असल्याने ती त्या काळच्या फिरकीवरून दूर फेकता येत.

बास हा शब्द अनेक माशांना लावला जातो. अमेरिकेतील गोड्या पाण्यातील बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा बास, हे सनफिश कुळातील मासे आहेत. पाणवनस्पतींच्या, बुडालेल्या ओंडक्यांच्या किंवा खडकांच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर एकाएकी झडप घालायची, ही त्यांची रीत आहे. अशा माशापुढे कृत्रिम आमिषाला क्षणार्धात स्वतःला सिद्ध करावे लागते. डगमगत्या चालीचे आमिष या माशासाठी विशेष परिणामकारक ठरते.

मिनेसोटा राज्यात हजारो सरोवरे आहेत आणि स्कँडिनेव्हिया व फिनलंडमधून गेलेल्या स्थलांतरितांची तेथे मोठी वस्ती आहे. काही रापाला आमिषे या मार्गाने तेथे आधीच पोहोचली होती. १९५९ मध्ये मासेमारीच्या सामानाचे विक्रेते रॉन वेबर यांनी हे आमिष प्रत्यक्ष वापरात पाहिले. त्याचा प्रभाव पाहून त्यांनी मिनीॲपोलिसमधील दुकानदार रे ऑस्ट्रॉम यांच्या साहाय्याने फिनलंडशी पत्रव्यवहार केला आणि आमिषे मागवली. दोघांनी स्थापन केलेली आयात कंपनी पुढे नॉर्मार्क या नावाने प्रसिद्ध झाली.

हा काळ रापाला आमिषाला अनुकूल होता. बाल्सा इतके हलके असते की जुन्या पद्धतीच्या जड फिरकीवरून ते लांब फेकणे अवघड जाई. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नव्या पद्धतीची स्थिर रिळाची फिरकी आणि नायलॉनची बारीक दोरी यांचा प्रसार झाला होता. या दोन साधनांमुळे काही ग्रॅम वजनाचे आमिषही दूरवर टाकता येऊ लागले. होडीमागे ओढण्यासाठी घडवलेले फिनलंडमधील आमिष अमेरिकेत काठावरून फेकण्याचे साधन बनले.

१९६२ मधील प्रसिद्धी

ऑगस्ट १९६२ मध्ये लाइफ या अमेरिकी साप्ताहिकात रापाला आमिषांविषयी लेख आला. त्याच अंकात काही दिवसांपूर्वी निधन पावलेल्या अभिनेत्री मॅरिलिन मन्रो यांच्यावर मुखपृष्ठ व मजकूर होता. त्यामुळे तो अंक असाधारण संख्येने खपला आणि मासेमारीशी संबंध नसलेल्या लक्षावधी घरांतही रापाला हे नाव पोहोचले. अल्पावधीत सुमारे तीस लाख आमिषांची मागणी नोंदवली गेली. कुटुंबाच्या कार्यशाळेला इतका पुरवठा करणे शक्य नव्हते. मागणी इतकी होती की काही दुकाने ही आमिषे विकण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने देत, असेही अमेरिकी मासेमार सांगतात.

या प्रसंगी एक कठीण निवड समोर होती. उत्पादन भराभर वाढवायचे तर वेळखाऊ टप्पे वगळावे लागले असते. प्रत्येक आमिष पाण्यात तपासणे हा त्यांतील सर्वांत वेळखाऊ टप्पा होता. ऑर्डरी हातच्या जातील, बाजारात नक्कल येईल, अशी भीती असतानाही तो टप्पा कायम ठेवण्यात आला. कारखाना मात्र वाढवण्यात आला. असिक्कालामधील वाक्सी या गावी नवा कारखाना उभारला गेला. पाइयान्ने व वेसियार्वी या दोन सरोवरांना जोडणारा, १८७१ मध्ये खुला झालेला कालवा याच गावातून जातो.

पाण्यातील चाचणी

कारखान्यात तयार झालेले आमिष पेटीत जाण्यापूर्वी पाण्याच्या लांब हौदात ओढले जाई. तपासणारा कामगार त्याची चाल डोळ्यांनी पाही. ते एका अंगाला पळत असेल तर कडी वाकवून दुरुस्त करी आणि पुन्हा ओढून पाही. लाकूड ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे. एकाच फळीतील दोन तुकड्यांच्या वजनातही फरक असतो. रोगणाचा एखादा थर जाड झाला तरी चाल बदलते. साचातून निघणारी प्लॅस्टिकची आमिषे जवळपास एकसारखी असतात, परंतु लाकडाच्या प्रत्येक आमिषाला स्वतःचा स्वभाव असतो. त्यामुळे नमुन्यादाखल काही आमिषे तपासून भागत नाही.

सरोवरात स्वतः ओढून पाहिल्याशिवाय आमिष दोरीला बांधायचे नाही, हा लाउरी यांचा होडीतला नियम होता. मासेमाराला याचे कारण माहीत असते. वाकडे चालणारे आमिष दिवसभर ओढले तरी मासा लागत नाही, आणि ज्याचे घर त्या दिवसाच्या मासळीवर चालते त्याला असा दिवस परवडत नाही. कारखान्याचा नियम म्हणून तोच दंडक पुढे चालू राहिला.

अखेरची वर्षे

अमेरिकेतील यशानंतर व्यवसायाची सूत्रे हळूहळू मुलांच्या हाती गेली. मूळ तरंगत्या आमिषाबरोबर बुडणारे आणि अधिक खोल जाणारे प्रकारही तयार झाले. लाउरी यांची राहणी साधी राहिली आणि सरोवराशी त्यांचे नाते तुटले नाही. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतीय संदर्भ

अमेरिकेतील गोड्या पाण्याचा बास हा भारतातील मूळचा मासा नाही. तथापि कृत्रिम आमिषाचे तत्त्व येथील शिकारी माशांनाही लागू पडते. कोकणातील खाड्यांमध्ये आढळणारा जिताडा, सह्याद्रीतील नद्यांमधील महसीर आणि तळी व नद्यांमध्ये सर्वत्र आढळणारा मरळ हे मासे अशा आमिषांना प्रतिसाद देतात. हौशी मासेमार यांसाठी लाकडी, प्लॅस्टिकची व धातूची आमिषे वापरतात. महसीर माशांची संख्या अनेक नद्यांत घटल्यामुळे पकडलेला मासा इजा न करता परत सोडण्याची प्रथा जबाबदार मासेमार पाळतात.

खानदेशात तापी, गिरणा, पांझरा, बोरी व वाघूर या नद्यांवर आणि हतनूरसारख्या जलाशयांवर मासेमारी चालते. भोई, कोळी व भिल्ल समाजातील मासेमार मुख्यत्वे जाळी वापरतात. गळासाठी गांडूळ, छोटा मासा किंवा कणकेची गोळी लावण्याची रीत आहे. जलाशयांत बीज सोडून वाढवले जाणारे रोहू, कटला व मृगळ हे मासे वनस्पती, शेवाळ व सूक्ष्म जीव खाणारे आहेत. ते पळत्या भक्ष्याचा पाठलाग करत नाहीत, म्हणून त्यांना कणकेची गोळी चालते पण लाकडी मासा चालत नाही. मरळ व शिवडा हे मात्र इतर मासे खाणारे आहेत. उथळ, गवताळ पाण्यात दबा धरणारा मरळ हा सवयींच्या दृष्टीने अमेरिकी बासच्या जवळचा म्हणता येईल. आमिषाची निवड माशाच्या आहारावरून ठरते, हे यातून स्पष्ट होते. महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असल्यामुळे हौशी मासेमारांनाही तेथे परवानगी घ्यावी लागते.

वारसा

रापाला यांची कंपनी पुढे बहुराष्ट्रीय झाली. १९९८ मध्ये तिचे समभाग हेलसिंकी शेअर बाजारात आले. गळ तयार करणारी व्हीएमसी ही फ्रेंच कंपनी नंतर तिच्यात आली आणि उद्योगाचे नाव रापाला व्हीएमसी असे झाले. उत्पादनाचे बरेचसे काम कालांतराने एस्टोनियातील पार्नु या शहरी हलवण्यात आले. बाजारात आता प्लॅस्टिकची असंख्य आमिषे आहेत आणि ती स्वस्तही आहेत. तरीही १९३६ च्या मूळ रचनेवर आधारलेले बाल्साचे तरंगते आमिष अजून तयार होते व विकले जाते.

हाताने लाकडी आमिषे कोरणाऱ्या जगभरातील कारागिरांच्या दृष्टीने रापाला यांचे महत्त्व त्यांच्या कंपनीच्या विस्ताराहून वेगळे आहे. महागडी अवजारे व साहित्य नसतानाही, रापी, बुचाचा तुकडा आणि चॉकलेटचा चंदेरी कागद एवढ्यावर त्यांनी जे साधले, त्याच्या मुळाशी पाण्यात पाहिलेली एक लहानशी गोष्ट होती : थव्यातला सरळ न पोहू शकणारा मासा. त्या माशाची चाल लाकडात उतरली आहे की नाही, हे पाण्यात ओढून पाहिल्याखेरीज समजत नाही. लाकडी आमिष घडवणारे कारागीर आजही आपले काम याच कसोटीवर तपासतात.